पिन टाकण्याआधी: सस्कॅचेवानच्या शेतांत बदकं शोधताना

या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधले "अं... म्हणजे काय की" तेवढे कापलेत.

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर एका कानातला काढून ठेवा, स्टेशन चुकेल. आज कोडिंग नाही, एआय नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स तर अजिबात नाहीत. आज बदकं.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तू कॅनडात राहतोस, तर टोरांटो सोडून काहीतरी सांग. मी राहतो सस्कॅटूनला, म्हणजे सस्कॅचेवान प्रांतात. सपाट मुलूख. इथले लोक गमतीने म्हणतात की कुत्रा पळून गेला तरी तीन दिवस दिसत राहतो. आणि इथे सप्टेंबर उजाडला की माझ्या ऑफिसातली निम्मी माणसं संध्याकाळी पाच वाजता गायब होतात. कुठे जातात? बदकं बघायला. मारायला नाही हं, बघायला. मारणं नंतर, आणि ते फार थोडा वेळ चालतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी आज शिकारीबद्दल बोलणार आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि आपल्याकडे रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे हे ऐकून कोणी उजनीला गलोल घेऊन जाऊ नका. इथे ती कायदेशीर आहे, परवान्याने आहे, मोजून आहे. आणि आजची गोष्ट खरं तर बंदुकीची नाहीच. ती माझ्या फोनची आहे. मी एक पिन टाकली आणि काय झालं, त्याची.

आधी जागा समजून घ्या

आपल्याकडे पॉटहोल म्हटलं की महापालिका आठवते. इथे पॉटहोल म्हणजे तळं. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरकल्या आणि जाताना जमिनीत असंख्य खळगे सोडून गेल्या. वसंतात बर्फ वितळतं, खळगे भरतात. काही खळगे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढे, काही गावाएवढे. कॅनडाच्या तीन प्रांतांपासून खाली अमेरिकेच्या डकोटा आणि आयोवापर्यंत हा पट्टा पसरलाय. साधारण ७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदकं याच पट्ट्यात जन्माला येतात असं मानलं जातं. इथे याला सरळ "बदकांचा कारखाना" म्हणतात.

आता या खळग्यांच्या भोवती काय आहे? शेती. गहू, बार्ली, कॅनोला, वाटाणा आणि मसूर. हो, तुमच्या डब्यातली मसूर. जगात सर्वात जास्त मसूर निर्यात करणारा देश कॅनडा, आणि त्यातली बहुतेक याच प्रांतात पिकते. कम्बाइन हार्वेस्टर फिरून गेला की धसकटांमध्ये दाणे सांडलेले राहतात. बदकं रात्री मोठ्या पाण्यावर झोपतात, पहाटे उडून शेतात येतात, दाणे टिपतात, ऊन वर आलं की परत पाण्यावर. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. रोज दोन शिफ्ट. आमच्या सपोर्ट टीमपेक्षा जास्त नियमित.

इंजिनिअर लोकांसाठी एक मजेची गोष्ट. इथली सगळी जमीन ग्रिडमध्ये कापलेली आहे. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. त्याचे चार भाग, प्रत्येकी १६० एकर. छत्तीस सेक्शनची एक टाउनशिप. प्रत्येक तुकड्याला पत्ता: कुठला कोपरा, कुठला सेक्शन, कुठली टाउनशिप, कुठली रेंज. अगदी अ‍ॅरेचा इंडेक्स. दक्षिणोत्तर रस्ते एकेक मैलावर, पूर्व-पश्चिम दोन-दोन मैलांवर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर डेटाबेस आहे. आपण तर एक्स्पर्ट!

इथेच माझी गडबड झाली. पण ती पुढे.

काकांची शाळा

आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, साठीच्या जवळ आलेले, शेतकऱ्याच्या घरातले. ऑफिसात सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, मीसुद्धा. पण नाव इथे घ्यायचं नाही म्हणून आज त्यांना काका म्हणतो. माझ्या पहिल्या सप्टेंबरमध्ये त्यांनी विचारलं, "संध्याकाळी काय करतोस?" मी म्हटलं, नेटफ्लिक्स. ते म्हणाले, "जॅकेट घे, चल."

पहिले दोन आठवडे आम्ही नुसते फिरलो. पिकअप ट्रक, खडीचे रस्ते, दुर्बीण, थर्मासमध्ये कॉफी. याला स्काउटिंग म्हणतात. काकांची पद्धत सांगतो, फार साधी आहे.

एक, संध्याकाळी सूर्य मावळायच्या दीड-दोन तास आधी बाहेर पडायचं. सुरुवात मोठ्या पाण्यापासून. पाण्यावर बदकं आहेत का, किती आहेत, आणि ती उठून कुठल्या दिशेला जातात.

दोन, त्या दिशेने आपण जायचं. पक्षी पाच-दहा किलोमीटर सहज जातात आणि सरळ जातात. आपल्याला ग्रिडच्या रस्त्यांनी काटकोनात जावं लागतं. ते दिसेनासे होतात, आपण अंदाज करतो, चुकतो, परत फिरतो.

तीन, शेत सापडलं की रस्त्यावरच थांबायचं. आत शिरायचं नाही, दार आपटायचं नाही. दुर्बिणीतून बघायचं की ती १६० एकरात नेमकी कुठे उतरताहेत. कारण बदकं अख्खं शेत वापरत नाहीत. काल जिथे खाल्लं, आज त्याच्या थोडं पुढे. पन्नास मीटरने चुकलात तर सकाळी तुमच्यासमोरून सगळी तिकडे उतरतील आणि तुम्ही बघत बसाल.

चार, वारा. बदकं उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, विमानासारखी. उद्याचा वारा कुठला, त्यावर आपण कुठे झोपायचं ते ठरतं.

पाच, जात ओळखायची. यात मी सपशेल नापास. कारण सप्टेंबरात नर बदकांचाही रंग उतरलेला असतो. पुस्तकात मॅलार्डच्या नराचं डोकं हिरवंगार चमकतं. सीझनच्या सुरुवातीला मात्र सगळी मातकट. काका लांबून, नुसत्या उडण्यावरून सांगायचे. "ती लांब मानेची, टोकदार शेपटीची बघ, पिनटेल." आणि मंडळी, तेव्हा मला धक्का बसला. पिनटेल म्हणजे आपलं तलवार बदक! हिवाळ्यात बाबा मला स्कूटरवरून नांदूर मध्यमेश्वरला न्यायचे, तिथे पाहिलेलं. आपल्याकडे येणारी इथली नसतात, ती मध्य आशिया, सैबेरिया बाजूची. पण जात तीच. पसरट चोचीचा थापट्या पण इथे आहेच. परक्या देशात शाळेतला मित्र भेटावा तसं झालं.

आणि सहा, काकांच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. परवानगी. इथे १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे की कुणाच्या शेतात जायचं तर आधी मालकाची संमती हवी. पूर्वी "येऊ नका" अशी पाटी नसेल तर लोक जायचे. आता पाटी असो वा नसो, विचारायचं. कुठली जमीन कुणाची ते स्थानिक नकाशावर नावासकट छापलेलं असतं. काका फोन करत नाहीत, दारात जातात. टोपी काढतात. पिकाची चौकशी, पावसाची चौकशी, आणि मग विषय. कधी "हो", कधी "माझा भाचा येणार आहे". "नाही" आलं तरी काका तितकंच हसून धन्यवाद देतात.

आता माझी गोष्ट

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. काकांना काम होतं म्हणून मी एकटा निघालो. त्या वर्षी माझ्याकडे ना परवाना ना बंदूक, मी नुसता बघ्या. एका टेकाडावर गाडी थांबवली आणि खाली तळं. मोठं, कडेला पाणकणसं, आणि पाण्यावर... कसं सांगू. पाणी दिसतच नव्हतं. हजारो मॅलार्ड. एक थवा उठला की खाली तेवढेच शिल्लक. आवाज असा की जणू लांबवर एखादं स्टेडियम.

मी व्हिडिओ काढला. कोणीही काढला असता. आणि आमच्या शहरातला एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे, निसर्ग, मासेमारी, शिकार सगळं एकत्र. तिथे टाकला. वर लिहिलं, "भाई लोग, हे बघा!" त्याचं इंग्रजी. आणि सोबत लोकेशनची पिन.

वाईट हेतू शून्य. मला वाटलं, माहिती आहे, शेअर करावी. ओपन सोर्सवाला माणूस मी. रात्री झोपेपर्यंत तीनशे लाइक्स. मी खूश.

शनिवारी पहाटे काका आणि मी त्याच भागात निघालो. ते तळं एका सत्तरीच्या शेतकरी बाईंच्या जमिनीत होतं. काकांना त्यांची परवानगी जवळजवळ वीस वर्षांपासूनची. आमचा बेत तळ्यावर जायचा नव्हताच, तिथून दोन मैलांवरच्या वाटाण्याच्या धसकटात बसायचा होता. अजून अंधार होता आणि तळ्याकडून बंदुकांचे आवाज आले. एक, दोन, मग धडाधड. आणि वर आकाशात सगळी बदकं. सगळी. आमच्या डोक्यावरून ती खूप उंचावरून गेली, दक्षिणेकडे, आणि आली नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

काकांनी विचारलं, "तुला काही माहीत आहे का याबद्दल?"

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून पोस्ट वाचली. "या ग्रुपमध्ये किती लोक आहेत?"

"अकराशे."

ते काही बोलले नाहीत. ट्रक वळवला. परतीच्या चाळीस मिनिटांत एकच वाक्य बोलले, "ती त्यांची झोपायची जागा होती रे."

झोपायची जागा

हे मला नंतर नीट कळलं. इथल्या जुन्या शिकाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे. शेतात खायला आलेल्यांवर बंदूक चालवा, दिवसा इकडेतिकडे छोट्या डबक्यांवर बसतात तिथे एखादे वेळी चालवा, पण रात्रीच्या मुक्कामाच्या मोठ्या पाण्यावर नाही. शेतात गोळी झाली तर ती पाण्यावर परत जातात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतात येतात. पण मुक्कामच सुरक्षित राहिला नाही तर ती तो भागच सोडतात. थंडी येण्याआधी अंगावर चरबी चढवायची असते, पुढे हजारो किलोमीटर जायचं असतं. तेव्हा हक्काचं शांत पाणी लागतं.

सरकारलाही हे फार आधी कळलं होतं. रेजायनाच्या उत्तरेला लास्ट माउंटन लेक आहे, त्याचा उत्तरेकडचा भाग १८८७ मध्येच पक्ष्यांसाठी राखून ठेवला गेला. उत्तर अमेरिकेतलं पहिलं पक्षी अभयारण्य ते. पण प्रत्येक तळ्याला पाटी लागत नाही. बाकीची तळी लोकांच्या शहाणपणावर टिकतात. आणि मी ते शहाणपण नसलेला अकराशे लोकांना पत्ता वाटणारा माणूस ठरलो.

पक्षी गेले एवढंच असतं तर एक वेळ ठीक. त्या दिवशी दोन ट्रक आत शिरले होते, परवानगी न घेता. तार तोडून. आणि उशीर झालेला कॅनोला कापून ओळींत पडलेला होता, म्हणजे मोहरीच्या जातीचंच पीक, शेंगा वाळल्या की जरा धक्क्याने फुटतात. त्या ओळींवरून चाकं गेली होती. बाईंनी काकांना फोन केला. त्यांना वाटलं काकांनीच कुणाला पाठवलं. वीस वर्षांचा विश्वास, आणि मध्ये माझी पिन.

दारात

रविवारी मी गेलो. काका म्हणाले, "मी येत नाही. तू जा." खरं सांगतो, नोकरीच्या इंटरव्ह्यूला एवढी भीती वाटली नव्हती. टोपी काढली. सांगितलं की पोस्ट मी टाकली होती, काकांना माहीतही नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तार बांधता येते का?" नव्हती येत. त्यांनी शिकवली. दुपारी तीनपर्यंत मी खांब ठोकत होतो, हाताला फोड. मधे त्यांनी सूप दिलं. बोलता बोलता म्हणाल्या, "ते तळं बुजवायला मला दोनदा लोकांनी सांगितलं. बुजवलं तर तेवढी जमीन पेरता येईल, यंत्र वळवायचा त्रास वाचेल. मी बुजवलं नाही. का, तर माझ्या नवऱ्याला ते आवडायचं."

मंडळी, हे मोठं आहे. इथली कितीतरी तळी शेतीसाठी चर खणून कोरडी केली गेली आहेत. सरकारी संस्था १९५५ पासून दर वसंतात विमानातून बदकं मोजतात, आणि त्या आकडेवारीत तलवार बदक कमी होत गेलेलं दिसतं. कारण ते घरटं करतं जुन्या धसकटांत, आणि वसंतात पेरणीयंत्र त्यावरून फिरतं. १९८६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने मिळून पाणथळ जागा वाचवायची योजना केली, शिकारीच्या परमिटवर लावायच्या स्टॅम्पचे पैसेही पाणथळ जागांच्या कामाला जातात. हे सगळं आहेच. पण त्या दिवशी मला कळलं की एखादं तळं शेवटी एका म्हातारीने "नको" म्हटलं म्हणून उरलेलं असतं. आणि नकाशावर मला ते फक्त निळा ठिपका दिसलं होतं.

निघताना त्यांनी आइस्क्रीमची रिकामी बादली भरून मसूर दिली. "हे तुमच्याकडेच जातं ना?" म्हणाल्या. मी रात्री आमटी केली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, ती म्हणाली, "कोकम टाक, नुसता बघत काय बसलायस."

मग शिकार झाली का?

झाली. दोन आठवड्यांनी. सगळी संध्याकाळची भटकंती पुन्हा शून्यापासून. या वेळी दुसरं शेत, दुसरा मालक, आणि दार मी वाजवलं. काका गाडीत बसून होते.

पहाटे पाचला पोचलो. उणे सहा. प्लास्टिकची नकली बदकं इंग्रजी यू सारखी मांडली, मधे उतरायला मोकळी जागा, पाठीशी वारा. आपण धसकटांत आडवं पडायचं, अंगावर चौकटीचं कापड, त्यात काड्या खोचलेल्या. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत बंदूक भरायची नाही. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. शिशाचे छर्रे चालत नाहीत, कारण पक्षी खडे गिळतात तसे ते गिळतात आणि विष चढतं, म्हणून पोलादाचे. दिवसाला माणशी आठ बदकं, त्याच्यावर एकही नाही, आणि तलवार बदकांची मर्यादा त्याहूनही कमी.

उजाडताना पहिला थवा आला. पंख रोखून, पाय पुढे काढून, वाऱ्यावर डोलत. काकांनी बंदूक उचललीच नाही. मी कुजबुजलो, "काका?" म्हणजे त्यांच्या नावाने. ते म्हणाले, "पहिला थवा मी बघतो."

पुढे त्यांनी पाच पाडली. चार जागेवर. पाचवं जखमी होऊन शंभरेक मीटरवर उंच गवतात पडलं. काकांनी बंदूक रिकामी करून ठेवली आणि म्हणाले, आता हे सापडेपर्यंत शिकार बंद. कायदाही तोच आहे, पाडलेला पक्षी शोधायचा, टाकून द्यायचा नाही. मी, ते आणि त्यांची म्हातारी लॅब्रॅडॉर. पस्तीस मिनिटं. वरून थव्यामागून थवे जात होते, उत्तम संधी, आणि काका मान खाली घालून गवत चाळत होते. शेवटी कुत्रीला सापडलं. काकांनी झटकन त्याचा त्रास संपवला आणि माझ्या हातात दिलं. गरम होतं. अंदाजापेक्षा जड. मी चिकन खाणारा माणूस आहे, पण एवढं आयुष्य हातात धरलेलं नव्हतं.

तुम्ही कमेंटमध्ये विचाराल, मग तू मारतोस का? गेल्या वर्षी मी कोर्स केला, परवाना काढला. मागच्या सीझनला सतरा संध्याकाळी स्काउटिंगला गेलो आणि चार सकाळी बंदूक घेऊन. सहा बदकं. सगळी खाल्ली, घाटी मसाल्याचा रस्सा. काही जणांना हे पटणार नाही. माझ्या आईला पटत नाही. ते बरोबर असू शकतं, मी वाद घालत नाही.

फोन खिशात

पण पिनची गोष्ट सगळ्यांसाठी आहे. तुम्ही भिगवणला जाता, घुबडाचं घरटं दिसतं, सड्यावर फुलं दिसतात, कुठे कुणालाच माहीत नसलेला धबधबा. हात आपोआप शेअर बटणाकडे जातो. आपल्याकडे बंदुका नसतील, पण रविवारी दोनशे कॅमेरे, ड्रोन आणि कुरकुऱ्याची पाकिटं येतात, आणि त्या जागेलाही झोप लागत नाही. ई-बर्डसारखं अ‍ॅपसुद्धा संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवतं. मोठमोठ्या डेटावाल्यांना हे कळतं, तर आपल्यालाही कळायला हवं.

मी आता काय करतो? फोटो काढतो. घरी जाऊन, लोकेशन काढून, आठवड्याने टाकतो. आणि टाकण्याआधी विचार करतो की ही जागा कुणाची आहे, तिथे कोण झोपतं, आणि माझ्यामागून कोण येईल.

त्या बाईंच्या तळ्यावर या वर्षी मॅलार्ड परत आले. त्यांनी काकांना फोन केला, आणि काकांनी मला सांगितलं. किती आहेत ते मी जाऊन पाहिलं. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

तळं कुठे आहे ते विचारू नका.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्याकडे अशी एखादी चूक असेल तर व्हॉइस नोट पाठवा. लोकेशन सोडून. काळजी घ्या, मंडळी!